कडं ज्याच्या फाटकावर

मशीनच्या चाकावर हात ठेवून पौर्णिमानं ते थांबवलं आणि कान दिला. काही नाही. साडीचा काठ तिनं पुन्हा सुईखाली सरकवला, हातभर पिको झाला न झाला तोच पुन्हा चाक थांबवलं. समोरच्या स्टुलावर बसलेली जया, सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स होती ती, ड्यूटीची बस गाठायच्या घाईत होती. तिनं एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा मशीनकडे.

"काय झालं व ताई, मशीन बिघडली का?"

"मशीन चांगली हाये. माहेच कान बिघडले," पौर्णिमा म्हणाली.

ती बोलत होती जयाशी, पण बघत होती भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे. ही डबी म्हणजे बिनतारी बेल. तिचं बटण चार घरं सोडून पलीकडे, नानाजींच्या गळ्यात दोरीनं बांधलेलं. नानाजी म्हणजे पौर्णिमाचे वडील. रेल्वेतून निवृत्त झाले, काही वर्षं बोरगाव मेघेच्या या गल्लीत ऐटीत फिरले, आणि मग एका सकाळी लकव्यानं उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकदमच नेलं. आता 'हो' आणि 'नाई' एवढे दोन शब्द काय ते उरले होते. डाव्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबलं की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात बेल वाजायची, पौर्णिमा काम टाकून घरी जायची, त्यांना धरून संडासात न्यायची, आणून खाटेवर बसवायची आणि परत यायची. लग्न मोडून ती बापाकडे आली तेव्हा त्यांनी 'काऊन आली' असं एका शब्दानं विचारलं नव्हतं. आता तिची पाळी होती, आणि तिची काही तक्रार नव्हती. बेल वाजावी, एवढंच तिचं मागणं होतं.

बेलीच्या आधी सगळे उपाय करून झाले होते. मोबाइल दिला, तर नानाजींचा अंगठा भलतीकडेच पडायचा आणि पुण्यात मीटिंगमध्ये बसलेल्या राकेशला, म्हणजे पौर्णिमाच्या भावाला, फोन लागायचा. मग गच्च्यांवरून वायर ओढून साधी बेल बसवली. ती माकडांनी दोन दिवसांत तोडली आणि तिसऱ्या दिवशी तिच्यावर झोके घेतले. शेवटी ही बिनतारी बेल आणली, आणि उन्हाळाभर ती सोन्यासारखी चालली.

हल्ली मात्र तिचा भरवसा राहिला नव्हता. कधी वाजायची, कधी मुकाट बसायची. सकाळी हमखास मुकाट बसायची, आणि सकाळीच नानाजींना सगळ्यात जास्त गरज.

गल्लीत नळ आले होते. घरोघरच्या मोटरांची घरघर दुकानापर्यंत ऐकू येत होती. पौर्णिमाला एकाएकी बसवेना. "बसजो दोन मिनिट," असं जयाला सांगून अर्धी साडी मशीनवर तशीच टाकून ती निघाली. आधी चालत निघाली, मग पळत.

नानाजी खाट आणि संडासाच्या मधे जमिनीवर पडलेले होते. पायजमा ओला झाला होता. डाव्या मुठीत बटण होतं आणि ते अजून दाबत होते. दाबलं की त्यातला बारका लाल दिवा लागत होता, सोडलं की विझत होता. पौर्णिमानं त्यांना बगलेत धरून उठवलं, कपडे बदलले, हाडं चाचपून पाहिली. कुठं मोडलं नव्हतं. पण नानाजी तिच्याकडे बघेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढावा तेच कळेना. बटणावर काढावा, तर बिचारं बटण आपलं काम करत होतं.

संध्याकाळी राकेशचा फोन आला. तो वाईट नव्हता, दूर होता. त्याचं म्हणणं साधं होतं: एक तर बाबांना डायपर लाव, नाहीतर दुकान बंद करून घरी बस, नाहीतर मी इकडे एक चांगली संस्था पाहून ठेवली आहे, पोळ्याला येतो तेव्हा त्यांना घेऊन जातो. डायपरचा प्रयोग पौर्णिमानं एकदा केला होता. नानाजींनी तो डाव्या हातानं ओढून असा भिरकावला होता की थेट अंगणात जाऊन पडला. दुकान बंद करणं म्हणजे चूल बंद करणं. आणि संस्थेचं नाव तिनं काढलं नाही, तरी फोनमधला राकेशचा चढा आवाज नानाजींनी ऐकला होता. त्या दिवसापासून ते पाणीच कमी प्यायला लागले. पेला पुढे केला की मान फिरवायचे. ते का, हे न कळण्याइतकी पौर्णिमा लहान नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं अंकितला बोलावलं. अंकित वर्ध्याच्या बजाज चौकाकडे कॅमेरे आणि बेली बसवायचा. त्यानं आधी बेल बदलली, सेल बदलले, मग नळ यायच्या वेळी हातात एक छोटं यंत्र घेऊन गल्लीत उभा राहिला. घरोघर मोटरा सुरू झाल्या तसे त्या यंत्राच्या पडद्यावर रेघांचे डोंगर उठले.

"ताई, बेल बिचारी बोलून राह्यली," तो म्हणाला, "पन तिचं आयकू कोनाले येनार? वरून हे सगळे एकदम बोंबलून राह्यले."

हे सगळे म्हणजे टाक्यांवरच्या डब्या. झालं होतं असं, की उन्हाळ्याच्या शेवटी एक एजंट गल्लीत आला होता. गच्चीवरच्या टाकीत एक डबी बसवायची, खाली मोटरच्या बटणापाशी दुसरी. मोटर चालू आहे तोवर वरची डबी खालचीला सांगत राहणार, पाणी इथवर आलं, तिथवर आलं. टाकी भरली की खालची मोटर बंद करणार. तार नाही, कटकट नाही. अख्ख्या गल्लीनं घेतली तर भाव कमी. आमच्या गल्लीला अख्खी गल्ली म्हणून काही घ्यायचं म्हटलं की हुरूप येतो. गणपतीच्या वर्गणीला नाक मुरडणाऱ्यांनीसुद्धा डबी घेतली. पौर्णिमाच्या घरी मोटरच नव्हती, म्हणून तिथं तेवढी नव्हती.

पौर्णिमानं विचारलं, मग तक्रार कुठं करायची. अंकित हसला.

"कोनाची आन् कोनापाशी? मोबाइलवाल्या कंपन्या पैसे भरून लहरींचा आपला आपला पट्टा घेतात. हा पट्टा सरकारनं सगळ्याईसाठी मोकळा सोडला हाये. लायसन नाई, मालक नाई. बेलीचाही तितकाच हक्क आन् डबीचाही तितकाच. दुसरी कोनती बेल आनली तरी ते याच गर्दीत येनार. आता तुमीच आपसात ठरवा, कोन कवा बोलनार ते."

आपसात ठरवा. हे दोन शब्द बोलून अंकित गाडीला किक मारून गेला. ते ठरवायचं काम मागे पौर्णिमाच्या गळ्यात पडलं.

ती घरोघर फिरली. मोटर लावायची घाई खरं तर कुणालाच नव्हती. नळाचं पाणी आधी जमिनीतल्या टाक्यात पडायचं, तिथून ते वर कधीही चढवता आलं असतं. पण नळ आला की मोटर लावायची, ही पिढीजात सवय. शेजाऱ्याची मोटर सुरू झालेली ऐकून आपली बंद ठेवणं कुणाच्या जिवाला मानवत नव्हतं, जणू तो आपल्याच टाक्यातलं पाणी ओढतो आहे.

सगळ्यात कडक निघाल्या सुमित्राबाई. नानाजींच्या घराला त्यांची भिंत लागून. नवरा गेल्यावर दोन म्हशी आणि तीन भाडेकरू एकटीनं सांभाळणारी ही बाई कुणाचं ऐकून घ्यायची नाही. त्यांनी पौर्णिमाला आत बोलावलं, चहा दिला आणि मग सांगितलं:

"टाकं आमचं, मोटर आमची, बटनही आमचं. तुया बापाचं मले वाईट वाट्टे व, पन आता मी मोटर लावाले तुले इचारू काय?"

मोतीलालजी मात्र मदतीला धावले. बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस, नियमाची आवड. त्यांनी एका बैठकीत वेळापत्रक तयार केलं, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक फाटकाला चिकटवल्या. अमक्याची मोटर अमक्या वेळेला. बिनचूक काम होतं. फक्त नळाला ते वेळापत्रक कुणी दाखवलं नव्हतं. एक दिवस नळ लवकर आले, दुसऱ्या दिवशी उशिरा, तिसऱ्या दिवशी लाइट गेली. कुणाची वेळ टळली, कुणी दुसऱ्याच्या वेळेत घुसलं. आदेश नावाचा शेवटच्या घरातला मास्तर सुमित्राबाईंना म्हणाला, तुमची मोटर अजून चालू कशी, आणि त्या एका वाक्यावरून नानाजींच्या ओट्यासमोरच सगळे जमले. आवाज चढले. पौर्णिमा मधे उभी राहून एकाला समजवायची तोवर दुसरा बोलायला लागायचा. कुणाचंच कुणाला ऐकू जात नव्हतं. तिला वाटलं, अंकितच्या पडद्यावर दिसत होतं ते हेच.

नानाजी ओट्यावर खुर्चीत होते. तेवढ्यात त्यांनी काठी फरशीवर आपटली. सगळे वळले. नानाजींनी डावा हात वर केला, कोपरात वाकवला आणि हवेतून काहीतरी झेलल्यासारखा पुढे नेला. पुन्हा केला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला पुन्हा काही होतंय. सुमित्राबाई पाणी आणायला धावल्या.

पौर्णिमा मात्र थबकली. हा हात तिनं पाहिला होता. लहानपणी ती डबा घेऊन स्टेशनवर जायची तेव्हा. छोटं स्टेशन, एकेरी रूळ. एकाच रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून तिथं एक लोखंडी गोळा असायचा. ज्या ड्रायव्हरच्या हातात गोळा, त्याचीच गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत जाणार. चामड्याच्या पिशवीत गोळा, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली. नानाजी ते कडं उंच धरून फलाटावर उभे राहायचे आणि धावत्या इंजिनातला माणूस बाहेर वाकून, हात कड्यात घालून ते झेलून न्यायचा. पौर्णिमानं एकदा विचारलं होतं, गाडीला उशीर झाला तर? तेव्हा नानाजी म्हणाले होते, झाला तर झाला, गोळा हातात आल्याबिगर चाक हलत नाई पोरी.

"बाबा, गोळा म्हनता का?" तिनं विचारलं.

"हो," नानाजी म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, "हो."

पौर्णिमा दुकानात गेली. कशिद्याचं मोठं लाकडी कडं पडून होतं, साड्यांवर हाताचं भरतकाम आता कोण करवून घेतं. चिंध्यांचा गोळा करून तिनं लाल कापडाच्या थैलीत शिवला, थैली कड्याला बांधली आणि तशीच परत आली. सांगितलं, की घड्याळ बघू नका, नळ बघू नका. कडं ज्याच्या फाटकावर त्याची मोटर. टाकी भरली की कडं पुढच्या घरी. घरात कोणी नसेल तर त्याच्या पुढच्या. शेवटी ते बाबांपाशी येणार, आणि दुसऱ्या दिवशी नळ आले की बाबांच्या हातून पुन्हा निघणार.

लोक हसले. सगळ्यात आधी मोतीलालजी हसले, मग त्यांनीच आपल्या फाटकावरची झेरॉक्स काढून टाकली. सुमित्राबाई म्हणाल्या, हे काय लहान लेकरांचे खेळ. पण नानाजींनी कडं हातात घेऊन ते बरोबर उंचीवर त्यांच्यासमोर धरलं. कितीतरी वेळ हात खाली आला नाही. तो तसा धरलेला पाहून सुमित्राबाईंना नाही म्हणवेना. त्यांनी ते नुसतं बोटांनी घ्यायला हात पुढे केला, तर नानाजी "नाई" म्हणाले. त्यांना हात कोपरापर्यंत कड्यात घालायला लावला. मग सोडलं.

त्या सकाळी गल्लीत एका वेळी एकच मोटर चालली. पौर्णिमा दुकानात मशीन न चालवता बेलीच्या डबीकडे बघत बसली होती. बेल वाजली. ती घरी पोहोचली तेव्हा नानाजी खाटेच्या काठावर बसून वाट बघत होते. पायजमा कोरडा होता. नेऊन आणल्यावर त्यांनी स्वतःहून पेल्याकडे बोट केलं आणि तो पेला रिकामा केला.

त्यानंतर नानाजींना काम मिळालं. नळ यायच्या आधीच दाढी करून, पांढरा सदरा घालून ते ओट्यावर बसायचे. मागे भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूच्या खिळ्यावर कडं. थैली सैल झाली की ते पौर्णिमाला दाखवायचे, ती टाका घालून द्यायची. कुणी कडं नुसतं हातात लोंबकळवत आणलं तर काठी आपटायचे. आदेश मास्तर तर शाळेत जाताना मुद्दाम गाडी हळू करून, कोपरात अडकवलेलं कडं धावत्या गाडीवरूनच त्यांच्या हातात द्यायचा आणि नानाजी खूष होऊन मान हलवायचे. सुमित्राबाईंनी बोलणं कमी केलं नाही, पण कडं पुढे द्यायला त्या कधी विसरल्या नाहीत. कधी मोटर जळली म्हणून, कधी पाहुणे आले म्हणून क्रम मोडायचा, भांडण व्हायचं, पण कडं हातात नसताना मोटर लावल्याचं कुणी कबूल करत नव्हतं, यातच काय ते आलं.

पोळ्याला राकेश आला. संस्थेचे कागद बॅगेत घेऊन आला होता. सकाळी त्यानं बापाला ओट्यावर बसून अख्खी गल्ली चालवताना पाहिलं. दोन दिवस राहिला, आणि ते कागद बाहेर न काढता परत गेला. जाताना नानाजींच्या पाया पडला आणि पौर्णिमाला म्हणाला, बेलीचे सेल चांगल्या कंपनीचे टाकत जा. तो राकेश, त्याला याहून जास्त बोलता येत नाही.

पौर्णिमाची धास्ती मात्र पुरती गेली नाही. हातभर पिको, मग चाक थांबवून कान देणं, हे तिच्या अंगातच भिनलं होतं. थंडी सुरू झाली तसे नानाजी थकत गेले, खाणंपिणं घटलं आणि बेल कमी वाजू लागली, तेव्हा ती जास्तच थांबू लागली.

एका दुपारी बेल वाजली. वेळ नेहमीची नव्हती. ती गेली तेव्हा नानाजी खाटेवर आडवे होते. तिनं संडासाला चलायचं का विचारलं, तर "नाई." पाणी पाहिजे का, तर "नाई." मग कशाले बलावलं बाबा, असं तिनं विचारलं. त्यांनी डाव्या हातानं खाटेची कड थोपटली. ती तिथं बसली. हात हातात घेऊन बसून राहिली. दुकान उघडं होतं, मशीनवर कुणाची तरी साडी अर्धी होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिला उठायची घाई झाली नाही. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपल्या हातातला हात नुसता आपणच धरून ठेवला आहे.

पुढचे दिवस कसे गेले तिला कळलं नाही. राकेश आला, नातेवाईक आले, वंदना झाली, नानाजींच्या नावानं पुण्यानुमोदन झालं, भोजनदान झालं, लोक आले तसे गेले. राकेश गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी घरात ती एकटी होती. नळ आले. घरोघर टाक्यांत पाणी पडल्याचा आवाज येऊ लागला. ती चहाचं आधण ठेवून उभी होती, आणि काहीतरी चुकतंय असं तिला वाटत राहिलं. मग कळलं. गल्लीत एकही मोटर चालू नव्हती.

ती बाहेर आली. सुमित्राबाई त्यांच्या टाक्याचं झाकण उघडून दोरानं बादली ओढत होत्या. पलीकडे मोतीलालजी गंजीफ्रॉकवर, दोन्ही हातांत बादल्या घेऊन जिना चढत होते. इतके दिवस अख्खी गल्ली हातानं पाणी चढवत होती आणि तिला पत्ता नव्हता. ओट्यावर नानाजींची खुर्ची होती. नानाजी गेले त्या दिवशी सकाळी सगळ्यात शेवटी आदेश मास्तरनं आणून ठेवलेलं कडं तसंच खिळ्यावर होतं. कुणी त्याला हात लावला नव्हता.

पौर्णिमा ओट्याच्या कडेला आली. मग ती म्हणाली, "मावशी, आता बेल नाई. आता सगळे एकदम लावा मोटरा. कोनाचंच काही अडत नाई."

सुमित्राबाईंनी बादली खाली ठेवली. पदरानं हात पुसले.

"ते तू नको सांगू आमाले," त्या म्हणाल्या. "कडं दे. देल्याशिवाय कसं घ्याचं?"

पौर्णिमानं खिळ्यावरून कडं काढलं. थैलीचा एक टाका उसवला होता, तो दिसला, पण तो नंतर घालता आला असता. तिनं ते वडील धरायचे तसं, त्याच उंचीवर धरलं. सुमित्राबाईंनी हात कोपरापर्यंत आत घातला आणि कडं घेऊन त्या फाटकाकडे गेल्या.

थोड्या वेळानं पौर्णिमानं दुकानाचं शटर वर केलं. त्या दुपारची अर्धी साडी सुईखाली तशीच होती. तिनं मशीन सुरू केलं, हातभर पिको झाल्यावर सवयीनं चाकावर हात ठेवला आणि कान दिला. गल्लीत एक मोटर चालू होती. ती बंद झाली, आणि जरा वेळानं तिच्या पुढच्या घरातली सुरू झाली.